अतिनिवडक विद्यापीठांच्या अर्जात उठून दिसण्यासाठी अकरावीपासून काय करता येते?

मुलुंडकर

माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत ती घराजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गात शिकली आणि पुढे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून तिला दादर परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिला जीवशास्त्रात, त्यातही समुद्रकिनाऱ्यावरील जीवांमध्ये, मनापासून रस आहे आणि पदवीचे शिक्षण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घ्यावे असा तिचा विचार आहे. आमच्या सासर-माहेरच्या नात्यात परदेशी गेलेले सगळे एमएससाठी गेले. पदवीसाठी कोणीच गेलेले नाही, आणि त्यांच्या अनुभवाचा येथे फारसा उपयोग होत नाही असे दिसते.

गेल्या महिन्यात आम्ही अंधेरीतील एका समुपदेशन संस्थेत जाऊन आलो. तेथील बाईंनी अर्ध्या तासात मुलीचे प्रोफाइल कसे उभे करायचे याची यादी हातात ठेवली. एखाद्या नियतकालिकात शोधनिबंध छापून आणायचा, स्वतःची स्वयंसेवी संस्था काढायची, उन्हाळ्यात एखाद्या नामवंत विद्यापीठाच्या आवारात भरणारा सशुल्क अभ्यासक्रम करायचा आणि जमल्यास एक पुस्तक प्रकाशित करायचे. हे सारे तेच जुळवून देणार, आणि त्याचे शुल्क आमच्या घराच्या वर्षभराच्या हप्त्यांहून अधिक. बाहेर आल्यावर मुलीने एवढेच विचारले, की संस्था कशासाठी काढायची हे त्यांनी सांगितलेच नाही, ते आपण ठरवायचे का?

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याकडे ही विद्यापीठे कशी पाहतात, आणि वरील यादीतले खरोखर आवश्यक काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गच्चीवरून

मुलुंडकर ताई, मी अमेरिकेतील एका निवडक विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असून तेथे अर्ज करणाऱ्या मुंबईतील मुलांच्या मुलाखती काही वर्षांपासून स्वेच्छेने घेत आहे. निर्णय आमच्या हातात नसतो आणि अर्जाची फाइलही आम्हाला दाखवली जात नाही. आम्ही तासभर बोलतो आणि आमचा अहवाल पाठवतो. त्यामुळे मी सांगतो ते प्रवेश कार्यालयाचे अधिकृत मत समजू नये.

आधी स्पर्धेचा आकार पाहा. हार्वर्डच्या २०२८ साली पदवीधर होणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला, म्हणजे शंभरांत चारही नाहीत. नाकारलेल्यांपैकी पुष्कळ जण तेथील अभ्यासक्रम व्यवस्थित पार पाडू शकले असते, हे अशी विद्यापीठे स्वतःच उघडपणे सांगतात. तेव्हा ९६ टक्क्यांऐवजी ९८ टक्के पडले तर उठून दिसू, हा आपल्याकडचा हिशेब येथे एका मर्यादेपर्यंतच चालतो. गुण उंबरठ्याच्या आत नेतात. त्यानंतर वाचणारा माणूस दुसऱ्याच गोष्टी पाहू लागतो.

त्या गोष्टी कोणत्या, याची बरीच माहिती आता सार्वजनिक आहे. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धचा खटला २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात चालला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. निकाल वंशाचा विचार करण्याविषयी होता. पण त्या निमित्ताने आतली कागदपत्रे बाहेर आली. प्रत्येक अर्जाला शैक्षणिक, अभ्यासेतर, क्रीडा आणि व्यक्तिगत अशा बाजूंसाठी १ ते ६ अशी श्रेणी दिली जाते आणि त्यात १ सर्वोत्तम. आपल्या पालकांचे ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते म्हणजे शिक्षकांच्या आणि शाळेच्या शिफारसपत्रांनाही स्वतंत्र श्रेणी मिळते. म्हणजे विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतो त्याच्या शेजारी, इतर माणसे त्याच्याविषयी काय सांगतात हे ठेवून वाचले जाते.

समुपदेशकाच्या यादीची खरी अडचण येथे आहे. शोधनिबंध, संस्था आणि पुस्तक या तिन्हींबद्दल बोलणारा माणूस फक्त विद्यार्थी (किंवा शुल्क घेणारी संस्था) असतो. वर्गशिक्षकाच्या पत्रात त्यांचा मागमूस नसतो, मुलाखतीत ते टिकत नाहीत, आणि निबंधात मुलगा भलत्याच विषयावर लिहितो. फाइलीतील कागद एकमेकांना ओळखतच नाहीत.

पाणी शुद्ध करण्याच्या उपक्रमाचा संस्थापक अशी एका मुलाने मला ओळख करून दिली होती. मी कुतूहलाने विचारले, की गाळण्याची वाळू कोठून आणता आणि ती किती दिवसांनी बदलावी लागते. त्यावर त्याने उपक्रमाच्या संकेतस्थळाचा पत्ता सांगितला. त्याच हंगामात कुर्ल्याकडची एक मुलगी भेटली. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसणे हे तिचे रोजचे काम. दगडाला टाकी लावायला उशीर झाला की पीठ जास्त तापते, ज्वारीचे गिऱ्हाईक तक्रार करते आणि विजेचे बिलही वाढते, हे तिने मला इतक्या नेटकेपणाने समजावले, की मी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला. तिने दोन महिने दळणाचे वजन आणि मीटरचे आकडे लिहून ठेवले होते, कारण तिला वडिलांशी वाद घालायचा होता. तिला प्रवेश मिळाला की नाही हे येथे सांगणे योग्य नाही. पण अहवालात लिहिण्यासारखे पुष्कळ तिनेच दिले होते.

राज्य मंडळाविषयी. फाइल वाचणारे अधिकारी प्रदेशवार विभागलेले असतात आणि विद्यार्थ्याची तुलना प्रथम त्याच्या शाळेत काय उपलब्ध होते याच्याशी होते. तुमच्या महाविद्यालयात एपी किंवा आयबी या परदेशी धर्तीच्या प्रगत अभ्यासक्रमांचे विषय नाहीत, म्हणून ते न घेतल्याचा ठपका मुलीवर येत नाही. मात्र तुमच्या महाविद्यालयात काय आहे आणि काय नाही, हे कोणीतरी त्यांना कळवावे लागते, आणि मुंबईत बहुतेकांचे घोडे तेथेच अडते. त्यावर येथील एखाद्या शिक्षकाने लिहिले तर बरे होईल.

खडूफळा

मी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गच्चीवरून यांनी अखेरीस जे म्हटले आहे, ते मला दर ऑक्टोबरमध्ये दिसते.

आयसीएसई किंवा आंतरराष्ट्रीय शाळेतील मूल बऱ्याचदा बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच इमारतीत असते. आपले मूल दहावीनंतर अनोळखी महाविद्यालयात येते, जेथे एका तुकडीत शंभराच्या आसपास विद्यार्थी असतात, आणि त्यांतील निम्मे जेईई-नीटच्या क्लासमुळे प्रात्यक्षिकाखेरीज तोंड दाखवत नाहीत. क्लास आणि महाविद्यालय यांचे संगनमत असलेल्या इंटिग्रेटेड पद्धतीत तर तेवढेही दर्शन दुर्मीळ. मग बारावीच्या दिवाळीच्या तोंडावर एक चुणचुणीत मुलगा पालकांसह स्टाफरूममध्ये येतो आणि मी त्याला ओळखतो असे पत्र मागतो. मी खोटे लिहीत नाही, तेव्हा त्याच्या वाट्याला "वक्तशीर, नम्र आणि अभ्यासू" एवढेच येते. असे पत्र अपाय करत नसेल. पण शेजारी दुसऱ्या अर्जदाराचे दोन पाने भरून लिहिलेले पत्र असताना त्याने उपायही होत नाही.

याहून वाईट प्रथा म्हणजे मसुदा विद्यार्थ्याने किंवा समुपदेशकाने लिहायचा आणि शिक्षकाने सही करायची. अर्जातील निबंध आणि पत्र एकाच हाताचे आहेत हे रोज अशी पत्रे वाचणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नसावा. शिवाय कॉमन ॲपमध्ये (अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात) दुवा थेट शिक्षकाच्या ई-मेलवर येतो, पत्र त्यानेच चढवायचे असते, आणि हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत कोठे बसतो असा तक्ताही त्यालाच भरायचा असतो. पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडतो असे विद्यार्थ्याने आधीच लिहून द्यावे अशी अपेक्षा असते. हे सर्व शिक्षकाच्या वैयक्तिक जीमेलवरून न होता महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावरून झाले तर अधिक बरे.

म्हणून ताई, अकरावीतील मुलीसाठी माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. तिने दोन विषयांच्या तासांना नियमित बसावे, प्रात्यक्षिके स्वतः करावीत आणि शंका विचाराव्यात. दोन शिक्षकांना ती माहीत व्हायला हवी, आणि त्याला दीड वर्ष पुरेसे आहे. मी आजवर लिहिलेले सर्वांत चांगले पत्र ज्या मुलीसाठी लिहिले, ती वर्गात पहिली नव्हती. साध्या दोलकाच्या प्रयोगात तिचे गुरुत्वत्वरणाचे मूल्य सारखे कमी येत होते. बाकीच्यांनी शेजाऱ्याची प्रयोगवही पाहून ९.८ च्या जवळपास आकडा बसवला. ही मात्र प्रयोगशाळा सहायक कुलूप घेऊन उभा राहिला तरी जागची हलेना. दोऱ्याची लांबी आपण गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजतो आहोत, ती मध्यबिंदूपर्यंत धरायला हवी, हे तिने स्वतः शोधले आणि दुसऱ्या दिवशी सगळी वाचने पुन्हा घेतली. असा प्रसंग मला कोणी लिहून देण्याची गरज नव्हती.

पत्र मागताना शिक्षकाला एक पानभर टिपण द्यावे. त्यात स्तुती नसावी. कोणत्या धड्यात काय विचारले होते, कोणता प्रकल्प केला, पुढे काय शिकायचे आहे, एवढे असावे. शंभर चेहऱ्यांतला एक आठवायला आम्हालाही मदत लागते.

दुसरी गोष्ट शाळेच्या परिचयपत्राची. शाळेच्या अहवालासोबत संस्थेविषयी पान-दोन पानांची माहिती जोडायची असते: विद्यार्थिसंख्या, शाखा, मंडळ, गुणपद्धती, वर्गातील क्रमांक दिला जातो की नाही, प्रगत अभ्यासक्रम आहेत की नाहीत. परदेशी शिक्षणासाठी फारशी मुले पाठवत नाहीत अशा महाविद्यालयांत हा कागद नसतोच आणि कार्यालयातील लिपिक त्याऐवजी बोनाफाइड दाखला देऊ करतो. तेथे चिडून उपयोग नाही. उपप्राचार्यांची वेळ घ्यावी, इतर शाळांच्या संकेतस्थळांवरील नमुने दाखवावेत, आकडेवारी गोळा करण्यास मदत करावी आणि मजकूर त्यांच्या सहीने, त्यांच्याच पत्त्यावरून जाऊ द्यावा. अर्जात शाळेच्या समुपदेशकाची जी भूमिका असते, ती बहुतेक महाविद्यालयांत उपप्राचार्यांनाच पार पाडावी लागते, आणि हे काम काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

मुलुंडकर

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहिली नव्हती, कारण ती मोजण्यासारखी आहे असे आम्हाला वाटले नव्हते. मुलगी आठवीपासून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर जाते, शंख, शिंपले, खेकडे, समुद्रफुले यांची छायाचित्रे काढते आणि वहीत जागा, वेळ व तारीख लिहून ठेवते. सुरुवातीला तिचा मामा सोबत असे. आता दोन धाकट्या मैत्रिणी असतात. यासाठी कोणतेही प्रमाणपत्र नाही. समुपदेशक बाईंनी "छंद म्हणून छान आहे" असे म्हणून विषय बदलला.

सेंट्रल लाइन

मुलुंडकर काकू, मी राज्य मंडळातून बारावी केली आणि सध्या अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तुमची शेवटची प्रतिक्रिया वाचून राहवले नाही. काकू, त्या बाईंच्या यादीतील चारही गोष्टी एकत्र केल्या तरी ही वही त्यांना भारी पडेल. ती कृपया जपून ठेवा आणि पावसाळ्यात भिजू देऊ नका.

कॉमन ॲपमध्ये अभ्यासेतर कामांसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरे, मोकळ्या जागा धरून. दहाच्या दहा भरणे बंधनकारक नाही. माझ्या पहिल्या मसुद्यातील भाषा आठवून तुमच्या मुलीच्या कामाचे वर्णन करायचे झाले तर ते साधारण असे होईल: "पर्यावरण गटाची संस्थापक-अध्यक्ष. सागरी जीवांविषयी समाजात जागृती निर्माण केली. नेतृत्वगुण व संघभावना विकसित झाली." यात एकही गोष्ट डोळ्यांसमोर येत नाही. आता हे पाहा: "मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर शंख-शिंपल्यांच्या नोंदी, आठवीपासून, तारीख-वेळेसह वही, दोन धाकट्या मुलींना पद्धत शिकवली." दुसऱ्या वाक्यात विशेषणे नाहीत, आणि तीच त्याची ताकद आहे. अर्ज इंग्रजीत लिहायचा असला तरी मापदंड हाच.

येथून पुढे ती काय करू शकते? नोंदी आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या संकेतस्थळावर चढवाव्यात, म्हणजे अनोळखी जाणकार तिची ओळख बरोबर आहे की चूक हे सांगतील. चुकीची ओळख दुरुस्त झालेलीही तेथे दिसते, आणि दिसू द्यावी. शहरात किनाऱ्यावरील जीवांची पाहणी करणारे स्वयंसेवक आहेत, त्यांच्या फेऱ्यांना जावे. आणि मग एखादा छोटा प्रश्न धरावा: पावसाळ्यानंतर कोणते प्राणी परत दिसायला किती वेळ लागतो, किनारी रस्त्याच्या भरावाजवळ आणि लांब अंतरावर काय फरक दिसतो. उत्तर अर्धवट मिळाले तरी हरकत नाही. तिला स्वतःहून हे करावेसे वाटले तरच करावे, एवढे मात्र सांभाळा. कारण सक्तीने केलेला प्रश्न दोन महिन्यांत सुकतो.

तिने सहावीत किंवा नववीत बालवैज्ञानिक स्पर्धा दिली असेल, तर त्यातील कृती संशोधन प्रकल्पाचे कागद शोधून ठेवा. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची ही स्पर्धा बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून ती काय आहे हे एका ओळीत सांगावे लागते. जीवशास्त्र ऑलिम्पियाडची पहिली पायरी नोव्हेंबरमध्ये असते आणि त्यातून निवडलेल्यांचे शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. तेथपर्यंत पोचणे अवघड आहे. पण मिळालेला निकाल कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, हा त्याचा फायदा.

घरकामाविषयीही सांगतो. कॉमन ॲपच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि सशुल्क नोकरी असे वेगळे प्रकारच आहेत. माझी आजी अंथरुणाला खिळलेली असताना दुपारचे औषधपाणी माझ्याकडे होते. ते लिहायला मला संकोच वाटत होता, शेवटी लिहिले. दया मागण्याच्या सुरात ते लिहू नये, इतर कामांसारखेच, किती तास आणि काय काय, असे लिहावे.

मुख्य निबंध ६५० शब्दांचा. त्यात मुंबईची लोकल, २६ जुलैचा पूर आणि आजीचे लाडू यांची इतकी गर्दी होते म्हणतात, की त्या वाटेला न गेलेले बरे. विषय मोठा असण्याची गरज नसते. निबंध तीन-चार जणांपेक्षा जास्त लोकांना दाखवू नये. प्रत्येक जण आपल्या पसंतीचे एक वाक्य घालतो आणि शेवटी तो सतरा वर्षांच्या मुलीचा वाटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेण्याचा मोह तर टाळावाच, कारण त्याची गुळगुळीत भाषा आणि शिक्षकांच्या पत्रातील मुलगी यांचा मेळ बसत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे इंग्रजी जरा आखूड वाक्यांचे असले तर असू दे.

हिशेबनीस

चर्चा चांगली चालली आहे, पण सनदी लेखापाल असल्यामुळे माझे लक्ष पैशांकडे जाते आणि त्याविषयी अजून कोणी बोललेले नाही. उठून दिसण्याच्या सगळ्या गप्पांवर हा एक मुद्दा पाणी फिरवू शकतो.

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे परदेशी अर्जदाराला प्रवेश देताना, तो आर्थिक साहाय्य मागतो आहे का, हे विचारात घेतात. स्टॅनफर्डसारखे श्रीमंत विद्यापीठही त्यांत आहे. ज्यांच्याकडे हा विचार होत नाही आणि तरीही पूर्ण गरज भागवली जाते, अशी नावे मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, ब्राउन आणि आणखी थोडी. साहजिकच जगभरची हुशार आणि गरजू मुले तेथेच लोटतात. साहाय्य आता मागायचे नाही, एकदा आत शिरल्यावर मागू, ही युक्ती करू नये. अनेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी न मागितलेले साहाय्य परदेशी विद्यार्थ्याला पुढे मिळत नाही. अर्ली डिसिजन (नियमित मुदतीच्या आधी करायचा अर्ज) ही बांधील निवड असते, म्हणजे प्रवेश मिळाला तर तेथेच जावे लागते, तेव्हा १ नोव्हेंबरचा तो अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील खर्चाचे गणित स्वतः मांडून पाहावे. सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक साहाय्यासाठीचा अर्ज भरताना प्राप्तिकराची विवरणपत्रे, फॉर्म १६, घराचे मूल्य आणि कर्जाची शिल्लक लागते. तो भरण्याचे काम पालकांचे आहे, मुलीवर टाकू नये. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती मुंबईत सर्वांना ठाऊक आहे, पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, हेही नोंदवतो.

आणि दुसरी कटू बाब. गच्चीवरून यांनी उल्लेख केलेल्या खटल्यातच हेही बाहेर आले, की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित अर्जदार आणि प्राध्यापकांची मुले यांना वेगळे झुकते माप मिळते. मुलुंडची मुलगी यांपैकी कशातच बसत नाही. उरलेल्या जागांसाठी एखाद्या वर्षी अमुक वाद्य वाजवणारा किंवा अमुक विषयाचा विद्यार्थी हवा असतो, आणि ते बाहेरून कोणालाही कळत नाही. तेव्हा "असे केले की प्रवेश मिळतोच" असे सांगणाऱ्या कोणावरही पैसे उधळू नयेत. प्राथमिक माहितीसाठी अमेरिकी सरकारची एज्युकेशनयूएसए ही सल्लासेवा मुंबईत आहे.

गच्चीवरून

हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. नशिबाचा भाग मोठा असल्यामुळेच, प्रवेश मिळाला नाही तर वाया जाईल असे काहीही करू नये. हाजी अलीची वही मुंबईतल्या बीएस्सीलाही उपयोगी पडेल. छापून आणलेला शोधनिबंध पडणार नाही.

थेम्सकाठ

इंग्लंडविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. मुलुंडकर ताई, तेथील पद्धत वेगळी आहे, आणि तुमच्या मुलीसारख्या एकाच विषयात बुडालेल्या विद्यार्थिनीला ती कदाचित अधिक मानवेल. यूकॅस या तेथील विद्यापीठांच्या सामाईक अर्जव्यवस्थेत एका अर्जात पाच निवडी असतात, सर्वांना स्वतःविषयीचे लेखी निवेदन एकच जाते, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी त्या वर्षी अर्ज करता येतो. त्या दोघांची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकेपेक्षा बरीच आधी. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनाचे तीन प्रश्नांत विभाजन झाले आहे: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्ही मिळून ४,००० अक्षरे, प्रत्येकाला किमान ३५०.

येथे वक्तृत्व, नृत्य आणि वर्गप्रतिनिधिपद यांना फारशी किंमत नाही. विषयावर काय वाचले आणि त्याबद्दल स्वतः काय विचार केला, हे पाहतात. केंब्रिजमध्ये जीवशास्त्र नॅचरल सायन्सेसच्या अभ्यासक्रमात येते आणि त्यासाठी ईसॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. डिसेंबरमधील मुलाखत म्हणजे छोटी शिकवणीच असते: समोर एक आलेख किंवा कवटीचे छायाचित्र ठेवतात आणि मोठ्याने विचार करायला लावतात. पाठ केलेली उत्तरे तेथे दोन मिनिटांत संपतात. पाठांतरावर वाढलेल्या आपल्या मुलांना याचाच सराव नसतो, घरी जेवताना "तुला असे का वाटते?" असे विचारत राहिले तरी तो होतो.

दोन इशारे. सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळे यांच्यासाठी गुणांच्या अटी विद्यापीठागणिक वेगळ्या आहेत आणि राज्य मंडळासाठी त्या अधिक कडक असू शकतात, तेव्हा अभ्यासक्रम निवडण्याआधी त्या वाचाव्यात. आणि पदवीच्या पातळीवर परदेशी विद्यार्थ्यांना तेथे आर्थिक साहाय्य फारच कमी असते. हिशेबनीस यांचा मुद्दा येथे दुप्पट लागू पडतो.

नववीचा बाबा

माझा मुलगा अजून लहान आहे, पण एक व्यावहारिक शंका आहे. जेईई किंवा नीट, बारावीची परीक्षा आणि हे सगळे अर्ज एकाच वर्षात कसे जमवायचे? आणि बारावीचा निकाल लागण्याआधी ते प्रवेश देतात तरी कशावर?

खडूफळा

सगळे जमवणे बहुतेकांना शक्य होत नाही, आणि ते मुलाला वेळेत स्पष्ट सांगितलेले बरे. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत, अमेरिकेच्या नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या दिवसांत, बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रवेशपरीक्षेत वरचा क्रमांक हवा असेल तर त्या मुलाने निबंधांत डिसेंबर घालवू नये, आणि निबंध लिहिणाऱ्याने क्लासच्या चाचण्यांचे ओझे अर्धे करावे. सॅट ही अमेरिकी विद्यापीठांसाठीची परीक्षा मात्र अकरावीच्या उन्हाळ्यात किंवा ऑगस्टमध्ये उरकून टाकावी. एमआयटीने ती २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक यांनीही तसाच निर्णय जाहीर केला. गुणपद्धती अपरिचित असलेल्या मंडळाच्या विद्यार्थ्याला चांगला सॅट गुणांक उपयोगीच पडतो.

निर्णय नववी ते अकरावीच्या गुणपत्रिका, बारावीच्या सहामाहीचे गुण आणि अपेक्षित गुण यांवर होतो. अपेक्षित गुण ही कल्पना आपल्या महाविद्यालयांना नवीन आहे. विषयशिक्षकांनी चाचण्यांवरून अंदाज द्यायचा आणि प्राचार्यांनी तो लेटरहेडवर सही-शिक्क्यासह पाठवायचा. अंदाज फुगवून देण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, कारण अंतिम गुणपत्रिकाही विद्यापीठाला पाठवावी लागते. अमेरिकेत होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो आणि आपला निकाल साधारणपणे मे महिन्यातच लागतो, त्यामुळे निकाल हातात नसताना जागा पक्की करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

मुलुंडकर ताई, नववी आणि दहावीच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जुन्या शाळेतून याच उन्हाळ्यात घेऊन ठेवा. नववीची नोंद शाळेच्या निकालपत्रकात असते आणि ते शोधायला लिपिकाला वेळ लागतो. बारावीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी १५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या मुदतींच्या आसपास येण्याचा संभव असतो आणि तेव्हा महाविद्यालयाचे कार्यालय बंद असते. त्यामुळे पत्रे, परिचयपत्र आणि अपेक्षित गुण यांची विनंती गणपतीच्या सुट्टीआधी लेखी द्या आणि तिची पोच घ्या.